व्हिएतनामला जातोय, सोबत कंबोडिया पण जोडावं का? (आई-बाबा आणि दोन मुलं बरोबर)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचते इथे, आज पहिल्यांदा विचारतेय. दिवाळीत भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी निघून १० रात्री व्हिएतनाम असं जवळजवळ ठरलंय. आम्ही सहा जण, मी, नवरा, मुलगी १३ ची, मुलगा ८ चा आणि माझे आई-बाबा. बाबा ७२, गुडघे दुखतात, सपाटीवर तासभर आरामात चालतील पण जिना म्हटलं की अवघड. आई ६७, तब्येत ठणठणीत पण पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

आत्ताचा प्लॅन म्हणजे मुंबई ते हनोई, तिथे ३ रात्री (त्यातली एक हा लाँग बेच्या क्रूझवर), मग दा नांग-होई आन ४ रात्री, मग सायगाव (म्हणजे हो ची मिन्ह सिटी) ३ रात्री आणि तिथूनच मुंबई. तिकिटं काढायची बाकी आहेत, फक्त दर बघून ठेवलेत. परवा जेवताना नवरा म्हणाला एवढ्या लांब जातोच आहोत तर सायगावहून कंबोडियातलं सिएम रीप तासाभराच्या फ्लाइटवर आहे, २ रात्री तिथलं अंगकोर वाटचं देऊळ करून परत सायगावला येऊ, परत परत थोडंच जाणं होणार आहे. मला ते ऐकायला पटतं पण कागदावर मांडायला बसले की धाप लागते. कोणी सहा जणांचं लटांबर घेऊन असं दोन देशांचं केलंय का? खर्च थोडा वाढला तरी चालेल, माणसं दमायला नकोत एवढंच.

सॅकपाठीवर

स्पष्ट सांगतो, नका करू. फ्लाइट तासाची असते पण दिवस अख्खा जातो हे नकाशावर दिसत नाही. सकाळी नाश्ता उरकून सहा जणांच्या बॅगा भरायच्या, हॉटेल सोडायचं, इंटरनॅशनल म्हणून अडीच-तीन तास आधी एअरपोर्ट, तिकडे उतरून इमिग्रेशनची रांग, आणि सिएम रीपचं जुनं एअरपोर्ट गावाजवळ होतं ते ऑक्टोबर २०२३ पासून बंद झालंय, नवं गावापासून तासाभराच्या अंतरावर आहे. म्हणजे रूमवर पाय टेकेपर्यंत तीन-चार वाजले. दोन रात्रीत तुमच्या हाती खरा एकच दिवस लागतो आणि त्यासाठी जाण्या-येण्याचे दोन दिवस घालवायचे.

आम्ही २०१९ ला मुलं लहान असताना सिंगापूर, मलेशिया, थायलंड असं ९ रात्रीत केलं होतं. मोठ्याला आज विचारलं काय आठवतं तर विमानतळावरची सरकती पट्टी सांगतो. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण पैसे आणि रजा दोन्ही परत मिळत नाहीत. एकच देश करा, रमत गमत करा.

मोगरा

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहेच पण व्हिसाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते, कारण यात आम्ही फार वाईट अडकलो होतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा दोन प्रकारचा असतो, सिंगल एंट्री २५ डॉलर आणि मल्टिपल ५० डॉलर. तुम्ही सायगाव-सिएम रीप-सायगाव म्हणताय म्हणजे व्हिएतनाममध्ये दोनदा शिरताय, तर मल्टिपलच लागणार, सहा जणांचे नुसते त्याचेच १५० डॉलर वाढले, शिवाय कंबोडियाचा व्हिसा प्रत्येकाचा वेगळा. आम्ही आधी फक्त व्हिएतनाम ठरवून सिंगल काढला आणि कंबोडिया नंतर घुसवलं, परत येताना चेक-इनलाच अडवलं, दोन दिवस तिथेच राहून नवा व्हिसा काढला, पुढची फ्लाइट आणि हॉटेल दोन्ही बुडालं. सासूबाई बरोबर होत्या, त्यांची औषधं मोजून आणलेली, ती धावपळ मी विसरू शकत नाही.

म्हणून जे काय ते व्हिसा भरायच्या आधी ठरवा. आणि फॉर्म सरकारी साइटवरच भरा, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट व्हीएन आहे ना बघा, हुबेहूब दिसणाऱ्या दुसऱ्या साइट खूप आहेत आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

डोंबिवलीकर_सायगावात

मी सहा वर्षं कामानिमित्त सायगावात आहे. ताई, तुमच्या प्लॅनमध्ये मला कंबोडियापेक्षा वेगळीच गोष्ट खटकली, ती म्हणजे दा नांग-होई आनच्या ४ रात्री. भाऊबीजेनंतर म्हणजे नोव्हेंबर ना? आपल्याकडे पाऊस संपला म्हणून तिकडेही संपला असं नसतं, व्हिएतनामच्या मधल्या पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच भर पावसाचा काळ. ईशान्येचे वारे समुद्रावरून ओल घेऊन येतात, मागे डोंगर आहे, सगळं तिथेच कोसळतं, थोडंफार आपल्या चेन्नईसारखं समजा. २०२५ च्या ऑक्टोबर अखेरीस ह्युए आणि होई आनमध्ये एवढा पूर आला की होई आनच्या जुन्या बाजारातून होड्या चालल्या होत्या. दरवर्षी तितकं होतं असं नाही, पण समुद्रावर लाल बावटा आणि दा नांगजवळच्या बा ना हिल्सच्या सोनेरी पुलावर नुसतं धुकं ही तिथली नोव्हेंबरातली नेहमीची गोष्ट आहे. टूरवाले हे सांगत नाहीत कारण दिवाळीतच गिऱ्हाईक असतं.

त्याच वेळी हनोई मात्र छान असतं, हवा कोरडी, सकाळी पातळ स्वेटर. सिएम रीपलाही पाऊस उलटलेला असतो, खंदक आणि तळी भरलेली, सगळं हिरवंगार. तेव्हा प्रश्न असा फिरवून बघा, दुसरा देश *वाढवायचा* का असं नाही, दा नांगच्या *ऐवजी* घ्यायचा का. समुद्रच हवा असेल तर फू क्वोक बेटावर नोव्हेंबरपासून सीझन सुरू होतो, तोही पर्याय आहे.

खडूफळा

मला एकच विचारायचंय. अंगकोर नेमकं कोणाला बघायचंय? नवऱ्याला बघायचंय की "जातोच आहोत तर" म्हणून? दोन्हीत खूप फरक आहे. घरातलं एक जरी माणूस मनापासून त्यासाठी येत असेल तर माझं मत वेगळं असेल.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. पावसाचं वाचून धक्काच बसला, रात्री बारापर्यंत तेच शोधत बसले, दादा म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे.

खडूफळा, तुमचा प्रश्न वाचला आणि थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. बाबांनी ३४ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. मी त्यांच्याच शाळेत होते. आग्नेय आशियाचा धडा आला की रंगीत खडूंनी फळ्यावर अंगकोर वाटची पाच शिखरं काढायचे आणि तो तास संपला तरी फळा पुसू द्यायचे नाहीत, पुढच्या तासाचे सर चिडायचे. नवऱ्याला हे माहीत नव्हतं, त्याने सहज म्हटलं होतं. बाबांना मी काल विचारलं तर म्हणाले नको, मुलांना समुद्र हवाय, आणि मला काही ते जिने चढवणार नाहीत, उगाच माझ्यासाठी कशाला सगळ्यांची फरफट. त्यावर आई हळूच म्हणाली त्यांनी पासपोर्ट रिन्यू करायचा हट्ट त्याचसाठी केला होता.

आता मला कंबोडिया टाकवत नाहीये. पण जिन्यांचं काय? बाबा खाली बसून राहतील आणि आम्ही वर बघून येऊ असं झालं तर त्यापेक्षा न गेलेलं बरं.

इतिहासवेडा

ताई, हे वाचून लिहायला बसलोच. दोनदा जाऊन आलोय, दुसऱ्यांदा ७५ वर्षांच्या काकांना घेऊन, तेव्हा जिन्यांचं पहिलं सांगतो.

अंगकोर वाटमध्ये तो सगळ्यात उंच, छाती दडपणारा जिना म्हणजे मधल्या शिखरांच्या चौथऱ्याचा, त्याला बाकान म्हणतात. तिथे बाबा जाणार नाहीत हे खरं. पण १२ च्या आतल्या मुलांनाही तिथे सोडत नाहीत, म्हणजे तुमचा मुलगाही खालीच, आजोबा-नातू जोडी जमली. शिवाय अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या अशा बौद्ध उपोसथाच्या दिवशी वरचा भाग बंदच असतो, मुलीला चढायचं असेल तर तिथी बघून जा. आणि मुद्दा हा की इतिहासाच्या सरांनी जे बघायला यायचं ते वर नाहीच, ते खाली आहे. सगळ्यात बाहेरच्या ओवरीत भिंतभर कोरीव पट आहेत, ती ओवरी जवळजवळ सपाट आहे, वर छप्पर आहे, सावली आहे. चढायला थोड्या पायऱ्या लागतात, काही ठिकाणी लाकडी जिने टाकलेत, हात धरून होतं. व्हीलचेअर मात्र सगळीकडे नेता येत नाही, तिच्या भरवशावर राहू नका. एक हलकी घडीची खुर्ची घ्या, काका दर वीस पावलांवर बसायचे आणि मान वर करून बघत राहायचे.

पश्चिमेच्या भिंतीवर एका बाजूला कुरुक्षेत्र, दुसऱ्या बाजूला लंकेचं युद्ध. दक्षिणेला दुसरा सूर्यवर्मन स्वतः, ज्याने १२ व्या शतकात हे विष्णूचं देऊळ बांधलं, हत्तीवर, छत्र्याच छत्र्या, आणि पुढे यमाचा दरबार, स्वर्ग-नरक. पूर्वेला वळलात की समुद्रमंथन, साधारण ४९ मीटर लांब एकच पट, मध्ये विष्णू, खाली कासव, वासुकीला एकीकडून ९२ असुर आणि दुसरीकडून ८८ देव ओढताहेत. आमच्या काकांनी तिथे देव मोजायला घेतले आणि गाइड थांबून राहिला. ही गोष्ट नातवंडांना तुमचे बाबा जशी सांगतील तशी कुठलाही गाइड सांगणार नाही, हे मी आत्ताच लिहून देतो. त्यांना हेही सांगा की १९८६ ते १९९३ मध्ये, तिथे धड शांतता नव्हती तेव्हा, आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी या देवळाच्या दुरुस्तीचं काम केलंय. ता प्रोम हे तिथलंच दुसरं देऊळ, जिथे झाडांची मुळं भिंतींवर उतरलीत, तिथेही आपले लोक २००४ पासून काम करताहेत.

पहाटेचा सूर्योदय सोडा असं मी म्हणेन. चारला उठवून म्हाताऱ्या माणसाला तळ्याकाठी गर्दीत उभं करण्यात अर्थ नाही, देऊळ पश्चिमाभिमुख आहे, दुपारी तीननंतर समोरून ऊन पडतं आणि दगड सोन्यासारखा दिसतो, तेव्हा न्या. पास ३७ डॉलरला एक दिवसाचा आणि ६२ ला तीन दिवसांचा, तीन दिवसांचा घ्या, तो १० दिवसांत कधीही वापरता येतो, सलग जावं लागत नाही. म्हणजे एक दिवस देवळं, एक दिवस पोहण्याचा तलाव, असं करता येतं. १२ च्या आतल्यांना फुकट आहे पण वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट लागतो. बांतेय स्रेई नक्की करा, ९६७ सालचं शंकराचं देऊळ, गुलाबी दगड, आकाराने लहान, चढ अजिबात नाही, आणि कोरीवकाम असं की चंदनात केल्यासारखं वाटतं.

पण हे दोन रात्रीत बसत नाही. चार रात्री द्या, नाहीतर वरचे सॅकपाठीवर म्हणताहेत तेच खरं होईल.

किनारपट्टी

मी थोडं विरुद्ध बोलते, राग मानू नका. हिंदू देवळंच बघायची असतील तर व्हिएतनाममध्येच मी सोन आहे की, होई आनपासून ४० किलोमीटरवर. चाम राजांची शंकराची देवळं, विटांची, चौथ्या शतकापासूनची परंपरा, तिथेही आपल्या पुरातत्त्व खात्याने काम केलंय आणि २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं ते तिथेच. दुसरा व्हिसा नाही, दुसरं चलन नाही. आणि कंबोडिया-थायलंड सीमेवर २०२५ मध्ये जुलैत आणि परत डिसेंबरात लढाई झाली होती, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना हे मनात येणारच ना.

इतिहासवेडा

मी सोन सुंदरच आहे, पण १९६९ च्या अमेरिकन बॉम्बिंगमध्ये तिथलं सगळ्यात मोठं शिखर गेलं, आता उरलंय ते अवशेष म्हणून बघायचं. फळ्यावर पाच शिखरं काढणाऱ्या माणसाला "त्याच्यासारखंच दुसरं" देऊन चालत नाही. आणि नोव्हेंबरात तिकडेच तर पाऊस. सीमेचं तुम्ही काढलंत ते बरोबर आहे, ते हलक्यात घेऊ नये, थायलंडहून रस्त्याने यायचा विचारच करू नका, विमानाने या, भारतीय दूतावासाच्या सूचना तिकीट काढायच्या आधी आणि निघायच्या आठवड्यात बघा, आणि हॉटेल फुकट रद्द होणारं घ्या.

डोंबिवलीकर_सायगावात

मग माझ्या मते मल्टी-सिटी तिकीट बघा, जाताना मुंबई-हनोई, येताना सिएम रीप-मुंबई. सायगाव यावेळी सोडाच, मी राहतो तिथे तरी सांगतो. हनोई ते सिएम रीप थेट विमान आहे, दोन तासांच्या आत पोचता. परत व्हिएतनाममध्ये यायचंच नाही म्हणजे मोगराताईंनी सांगितलेला मल्टिपलचा खर्चही नाही, सिंगलमध्ये काम होतं. सिएम रीपहून मुंबईला सिंगापूर, क्वालालंपूर अशा ठिकाणी विमान बदलून यावं लागेल, ती दोन विमानं *एकाच तिकिटावर* घ्या, वेगळी घेतलीत तर मधे बॅगा घेऊन इमिग्रेशनमधून बाहेर पडून परत चेक-इन, ते सहा जणांना नको.

आणि हनोईहून निन्ह बिन्हला २ रात्री जा. तिथे त्रांग आनला वल्ह्याच्या होडीतून गुहांमधून फिरवतात, दोन-तीन तास नुसतं बसून राहायचं, गुडघ्यांना सुट्टी. मुलांना तो समुद्राइतकाच आवडेल.

गोदाकाठची

काल रात्री सगळे डायनिंग टेबलावर बसलो आणि वही काढली. हनोई २, हा लाँग क्रूझ १, निन्ह बिन्ह २, परत हनोई १, सिएम रीप ४. दा नांग आणि सायगाव दोन्ही खोडलं. सोनेरी पुलासाठी मुलगी रुसली होती, तिला पुराचे व्हिडिओ दाखवले, मग तिनेच खोडलं. फू क्वोक मोहात पाडत होतं पण परत एक विमान वाढत होतं म्हणून नाही घेतलं, मुलाला हॉटेलात पोहण्याचा तलाव पाहिजे एवढीच अट आहे.

बाबांना इतिहासवेडा यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ओवरी सपाट आहे म्हटल्यावर त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना. मग माळ्यावरून जुनी ट्रंक काढायला लावली, त्यात त्यांच्या पाठाच्या टिपणांच्या वह्या आहेत. आज सकाळपासून चष्मा लावून तेच चाललंय.

आता फक्त आईच्या जेवणाचं आणि पैशांचं सांगा कोणीतरी.

मोगरा

व्हिएतनामला "चाय" हा शब्द पाठ करा, म्हणजे शाकाहारी. "क्वान चाय" अशी पाटी असलेली छोटी खानावळ मिळते, तिथे सगळंच शाकाहारी, त्यांच्यात प्रतिपदा आणि पौर्णिमेला बरेच जण मांस सोडतात म्हणून ही पद्धत आहे. इतर ठिकाणी भाजी म्हणून दिलं तरी त्यात माशाचा सॉस असतो, तो आवर्जून नको सांगायचा. कंबोडियात माशाच्या वाटणाचं आणखी जास्त, पण सिएम रीपला भारतीय हॉटेलं आहेत. तरी पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या, मेतकूट आणि उपम्याची कोरडी भाजणी घ्याच, सासूबाईंचं त्यावर छान भागलं होतं. क्रूझवाल्यांना बुकिंग करतानाच लिहून कळवा, बोटीवर चढल्यावर सांगून उपयोग नाही.

सॅकपाठीवर

मी नको म्हणणारा पहिला होतो, आता माझंही मत बदललं, हा प्लॅन चांगला आहे. पैशांचं सांगतो, कंबोडियात रोजचे व्यवहार डॉलरमध्येच होतात, सुटे म्हणून रिएल देतात, डॉलरला साधारण चार हजार. पण डॉलरच्या नोटा कोऱ्या लागतात, कडेला जरा फाटलेली किंवा पेनाची खूण असलेली नोट घेत नाहीत, इथून घेतानाच एकेक उलटून बघून घ्या आणि एक, पाच, दहाच्या जास्त घ्या, तुकतुकवाल्याला पन्नासची देऊन चालत नाही. कंबोडियाचा ई-अरायव्हल फॉर्म विमानाने येणाऱ्या सगळ्यांना भरावा लागतो, पोचायच्या आधीच्या सात दिवसांत, फुकट असतो, सहा जणांचे हनोईतच हॉटेलच्या वायफायवर बसून भरा.

डोंबिवलीकर_सायगावात

अजून एक राहिलं. तुम्ही सिएम रीपला शेवटी म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेच्या तोंडावर असाल. त्यांचा पाण्याचा सण त्याच पौर्णिमेला असतो, नदीत होड्यांच्या शर्यती वगैरे, आणि तो महिना त्यांच्याकडेही कार्तिकच, उच्चार जरा वेगळा. गावोगावचे लोक येतात, खोल्या भरतात. तेव्हा हॉटेल आत्ताच धरा, तळमजल्याची खोली मागा.

गोदाकाठची

धरलं. तळमजला, तलावासमोर, दोन खोल्या आतून जोडलेल्या. व्हिसाचे फोटो काढायला उद्या सगळे जातोय, बाबा म्हणताहेत कोट घालू का.